ओळखीच्यांनी गाडीची देखभाल केलीच नाही, आता मदत मागतायत. किती हात घालावा?

चौथा_गिअर:
ओळखीतले एक गृहस्थ आहेत. पेट्रोल गाडी, ७२,००० किमी झालेत, शेवटचं ऑइल ३८,०००ला बदललं होतं. त्यानंतर हवा भरणं सोडून काही नाही. आता म्हणतात, 'तुम्हाला कळतं, रविवारी ऑइल तेवढं बदलून द्या.' पाने, जॅक, स्टँड सगळं माझ्याकडे आहे. पण उद्या इंजिनानं आवाज केला की ते माझ्याच गळ्यात येणार. नाही म्हणावं तर गाडी तशीच चालत राहणार, आणि तिच्यात लहान मुलं बसतात. काय करावं?

फिलर_कॅप:
मदत करा, पण पाना नंतर हातात घ्या. आधी नुसती पाहणी.

गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा. डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) काढून पुसा, परत घाला, मग वाचा. पातळी खालच्या खुणेखाली असेल तर अर्धा लिटर ओता, पुन्हा बघा. बऱ्याच लहान गाड्यांत दोन खुणांमध्ये साधारण लिटरभर ऑइल मावतं. वरच्या खुणेपलीकडे भरू नका. क्रँक (इंजिनातला फिरणारा दांडा) ऑइलमध्ये घुसळत राहिला की फेस होतो आणि फेसाळ ऑइलला दाब राहत नाही.

इंजिन चालू असताना ऑइलचा लाल दिवा लागत असेल तर घरी काही करायचं नाही. तो दिवा पातळीचा नसून दाबाचा असतो. इंजिन बंद ठेवायचं आणि गाडी ओढूनच गॅरेजला न्यायची.

आता ऑइल भरायची कॅप उघडून टॉर्चनं आत बघा. तपकिरी चकचकीत थर असेल तर ठीक. डांबरासारखा काळा गाळ बोटानं खरवडता येत असेल तर काम तुमचं नाही, चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) खाली उतरवणाऱ्याचं आहे. आणि कोणी कितीही सांगितलं तरी फ्लश (आतली घाण सोडवणारं औषध) टाकू नका. गाळ एकदम सुटतो, चेंबरमधल्या पंपाच्या जाळीत अडकतो, पंप कोरडा पडतो आणि बेअरिंग जातात. लोक म्हणतात ना, ऑइल बदललं आणि इंजिन बसलं, त्यात पुष्कळदा हेच झालेलं असतं.

गाळ नसेल तर बदला. मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच ऑइल, नवा फिल्टर, ड्रेन बोल्टला नवा वायसर. १,००० ते १,५०० किमीनंतर ऑइल आणि फिल्टर पुन्हा बदला, कारण पहिलं ऑइल आतली घाण उचलून लवकर काळं होतं. इतकी वर्षं बसलेल्या फिल्टरचं रबर इंजिनालाच चिकटून राहतं. ते न काढता नवा फिल्टर लावला तर दोन रबरं एकावर एक बसतात आणि इंजिन चालू झालं की तिथून ऑइलची पिचकारी उडते. जागा पुसून बोट फिरवून खात्री करा.

मागचा_एक्सल:
वरचं सगळं बरोबर आहे, पण क्रम मला पटत नाही. इंजिन बसलं तर पैसे जातील. मुलं बसतात म्हणताय, मग टायर आणि ब्रेक आधी.

टायरच्या खाचांत तळाशी छोटे उंचवटे असतात, १.६ मिमीचे. रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं असेल तर टायर संपला. बाजूवरचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९च्या २३व्या आठवड्यातला. खाचा खोल असल्या तरी बाजूला बारीक चिरा असतील तर तो टायर नको.

ब्रेक ऑइल कमी दिसलं तर लगेच भरू नका. ब्रेकचे पॅड झिजले की त्यांना दाबणारे पिस्टन बाहेर येतात आणि टाकीतली पातळी आपोआप उतरते. तुम्ही वरपर्यंत भरलंत, तर नवे पॅड घालताना पिस्टन मागे दाबला की ते बाहेर सांडतं आणि रंग खातं. पॅड ३ मिमीच्या आत आले असतील तर बदलायचे. पॅड व्यवस्थित असूनही पातळी उतरली असेल तर कुठेतरी गळती आहे, गाडी हलवू नका.

सर्व्हिस_बुक:
गळ्यात येण्याबद्दल. पाहणी त्यांच्यासमोर करा. डिपस्टिक, पॅड, टायर यांचे फोटो काढा आणि काय दिसलं ते किमी आकड्यासकट त्यांना लिहून पाठवा. सामान त्यांनाच आणायला सांगा. टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणारा इंजिनातला पट्टा) असलेली गाडी असेल तर तो कधी बदलला हे जरूर विचारा. पुष्कळ इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात आणि आधी काहीच इशारा मिळत नाही.

चौथा_गिअर:
आज त्यांच्यासमोर पाहिलं. ऑइल खालच्या खुणेला टेकलेलं, कॅपखाली फक्त तपकिरी थर. लाल दिवा चावी फिरवल्यावर लागतो, इंजिन सुरू होताच विझतो. कूलंटच्या टाकीत नुसतं गंजकट पाणी. ब्रेक ऑइल खालच्या खुणेजवळ. पुढे डावीकडे आतला पॅड २ मिमी, बाहेरचा ६. टायर ठीक आहेत. इंजिनाला चेन आहे, बेल्ट नाही.

मागचा_एक्सल:
एकाच चाकाचे दोन पॅड इतके वेगवेगळे झिजले, म्हणजे बहुधा कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) सरकत्या पिना अडकल्यात. नुसते पॅड बदलले तर आतला पुन्हा तसाच जाईल. पिना काढून साफ करून त्यांचंच ग्रीस लावावं लागेल आणि पॅड दोन्ही पुढच्या चाकांचे एकदम. ते आणि ब्रेक ऑइल गॅरेजला करून घेऊ द्या. तोवर गाडी उभी.

फिलर_कॅप:
आणि अर्धा लिटर ऑइल आजच घाला, म्हणजे गाडी गॅरेजपर्यंत निवांत जाईल. पाणी तिथेच काढून घ्या, दोनदा धुऊन, मग कूलंट. घरी करणार असाल तर इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय रेडिएटरचं झाकण उघडू नका. आत दाबाखाली १०० अंशांच्या वर तापलेलं पाणी असतं. ब्रेक होऊन गाडी परत आली की रविवारी ऑइल खुशाल बदला.