लिस्बन: बेलेमला अर्धा दिवस पुरे, उरलेले दिवस वस्त्यांना द्यावेत. पटतं का?

पायपीट

मे महिन्यात आम्ही दोघं सात दिवस लिस्बनला होतो. निघण्यापूर्वी ज्याला विचारावं तो तीच यादी सांगायचा: नदीकाठच्या बेलेम भागातला बुरूज आणि तिथलाच जेरोनिमोसचा मठ, अठ्ठावीस नंबरची ट्राम, एक दिवस सिंत्रा. पहिले दोन दिवस आम्ही यादीप्रमाणे फिरलो आणि त्यातला बराचसा वेळ रांगेत गेला. तिसऱ्या दिवशी यादी बॅगेत टाकली आणि चालायला लागलो. शहर तिथून पुढे दिसलं.

बायशा म्हणजे नदीलगतचा सपाट भाग. १ नोव्हेंबर १७५५ च्या सकाळी भूकंप झाला, मग समुद्राची लाट आली, मग आग लागली. या भागाचं काही उरलं नाही. राजाचा मंत्री, पोंबालचा मार्किस, याने तो नव्याने आखून घेतला. रस्ते सरळ काढले, घरांच्या भिंतींत लाकडी सांगाडा घातला. पुन्हा हादरा बसला तर घर डोलेल, पण कोसळणार नाही, असा त्यामागचा हिशेब. रस्त्यांना धंद्यांची नावं आहेत: सोन्याचा रस्ता, चांदीचा रस्ता, चांभारांचा रस्ता. पुण्यात तांबट आळी, बोहरी आळी ऐकत वाढलेल्या माणसाला हे लगेच ओळखीचं वाटतं.

तिथून दहा मिनिटं चढलात की आल्फामा. नाव अरबी, मूळ अर्थ गरम पाण्याचे झरे. ही टेकडी भूकंपात बरीचशी वाचली, त्यामुळे इथल्या गल्ल्या आजही जुन्या वळणाने जातात. काही ठिकाणी दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंती लागतात. पलीकडच्या उतारावर मोरारिया. ११४७ मध्ये शहर जिंकल्यावर मुसलमानांना तटाबाहेर राहायला दिलेली ही जागा. फादो, म्हणजे लिस्बनची दर्दभरी गाणी, गाणारी सेवेरा इथल्याच कापेलांव गल्लीत राहायची आणि १८४६ मध्ये, पंचविशी ओलांडते न ओलांडते तोच, इथेच गेली. आज खालच्या मार्तीं मोनीश चौकात कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, कढीपत्ता सगळं मिळतं. दुकानदार बांगलादेशी, नेपाळी, पंजाबी.

पण मी सगळ्यात जास्त रेंगाळले ती ग्रासाच्या टेकडीवर. तिथे जुन्या कामगार वसाहती आहेत, त्यांना 'विला' म्हणतात. नाव ऐकून बंगला डोळ्यांपुढे येतो, पण आहेत त्या चाळी. विला बेर्तात शिरलात की मधोमध रस्ता, दोन्ही बाजूंना लोखंडी कठड्यांचे सज्जे, सज्जात कुंड्या. एक आजी वरून पिशवी दोरीने खाली सोडत होत्या आणि खालचा पोरगा त्यात पाव ठेवत होता. माझं बालपण गिरगावात गेलं. मी तिथे पाऊण तास उभी होते.

म्हणून माझं ठाम मत आहे. लिस्बनला बेलेमसाठी अर्धा दिवस भरपूर झाला. बाकीचे दिवस एकेका वस्तीला द्या. तुम्हाला काय वाटतं?

निवांत

वर्णन आवडलं, सल्ला सरसकट पटला नाही. आम्ही आईला घेऊन गेलो होतो, वय बहात्तर. तिथल्या पदपथांना चुनखडीचे छोटे छोटे चौकोनी दगड असतात. दिसतात सुंदर, पण पावसाची एक सर आली की काचेसारखे निसरडे होतात. आल्फामाच्या पायऱ्या तिला जमल्या नसत्या. आम्ही बायशा, बेलेम आणि १९९८ च्या जागतिक प्रदर्शनासाठी वसवलेला नदीकाठचा नवा भाग एवढंच पाहिलं. तिन्ही सपाट. आई नदीकाठी बाकावर बसून दोन तास वास्को द गामा पूल बघत होती. तिच्यासाठी तेच लिस्बन.

चौथा मजला

मी चार वर्षं लिस्बनमध्ये राहते, नोकरी इथेच. पायपीट, तुमचा लेख मनापासून लिहिलेला आहे म्हणूनच मनापासून विरोध करते.

मी पहिलं दीड वर्ष मोरारियात एका खोलीत राहिले. इमारतीत सहा बिऱ्हाडं होती. मालकाने एकेकाचा करार संपू दिला आणि नवा केला नाही. मी निघाले तेव्हा दोन बिऱ्हाडं उरली होती. बाकीच्या दारांना आकड्यांची कुलुपं लागली होती, रात्री दोन वाजता जिन्यावरून बॅगांच्या चाकांचा आवाज यायचा. तळमजल्यावरच्या बाई त्याच घरात जन्मलेल्या. त्या आता नदीपलीकडे मुलीकडे राहतात आणि रविवारी बोटीने येऊन जुन्या चर्चच्या पायरीवर बसतात.

रांगेला कंटाळलेला प्रवासी 'खरं शहर' शोधत आमच्या गल्लीत येतो. त्याच्या मागोमाग भाड्याच्या खोल्या येतात, त्यांच्या मागोमाग सकाळच्या न्याहारीची महागडी हॉटेलं, आणि किराण्याचं दुकान जातं. दोरीवरचे कपडे ज्यांच्या फोटोत आलेत त्यांना कुणी विचारलेलं नसतं. बेलेमला गर्दी झाली तर कुणाचं घर जात नाही. म्हणून मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगते: हॉटेलात राहा, बायशात फिरा, बेलेम पाहा, संग्रहालयांत दिवस घालवा. वस्त्या राहणाऱ्यांसाठी सोडा.

१९८१ च्या जनगणनेत लिस्बन शहरात आठ लाखांवर माणसं होती. २०२१ मध्ये साडेपाच लाखांच्या आत.

पायपीट

ताई, त्या तळमजल्यावरच्या बाईंचं वाचून वाईट वाटलं. पण आकडा तुम्ही दिलात आणि दोष प्रवाशांना दिलात, हे मला मान्य नाही. त्या घसरणीतला मोठा भाग प्रवासी यायच्या आधीचा आहे. हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत, १९४८ पासून, लिस्बन आणि पोर्तोमधली भाडी गोठवली गेली. पुढे मालकाला महिन्याच्या भाड्यात एक खिडकी बदलणं परवडेना, तो घराकडे बघेना. मुंबईच्या पागडीच्या चाळींचं जे झालं तेच. छपरं गळली, तरुण माणसं उपनगरांत गेली, मधला भाग म्हाताऱ्यांचा आणि पडक्या घरांचा झाला. मोरारियाशेजारच्या इंतेंदेंत चौकात लोक संध्याकाळनंतर पाय ठेवत नसत. २०११ मध्ये तेव्हाचे महापौर आंतोनियो कोश्ता यांनी स्वतःचं कार्यालयच त्या चौकात नेलं, तेव्हा कुठे तिथे दिवे लागले. (कोश्तांचे वडील गोव्याच्या घराण्यातले, हे इथल्या बऱ्याच जणांना माहीत असेल.) लोक येऊ लागले म्हणूनच ती घरं दुरुस्त झाली ना?

चौथा मजला

झाली. कुणासाठी?

भाडी गोठवणं चूक होतं, त्यावर वाद नाही. पण २०१२ मध्ये भाड्याचा कायदा सैल केला आणि त्याच वर्षी घर विकत घेणाऱ्या परदेशी माणसाला राहण्याचा परवाना द्यायला सुरुवात केली. दोन्ही दारं एकदमच उघडली. साठ वर्षं ज्यांनी गळक्या छपराखाली काढली त्यांच्या वाट्याला छप्पर दुरुस्त झाल्यावरचे दिवस आलेच नाहीत. २०२३ मध्ये सरकारने प्रवाशांना घरं देण्याचे नवे परवाने रोखले, पुढच्या सरकारने ती पकड पुन्हा ढिली केली. आम्ही अधांतरीच.

आणि ज्या दुकानांत तुम्हाला कढीपत्ता मिळाला, त्यांच्याबद्दलही सांगते. डिसेंबर २०२४ मध्ये पोलिसांनी मार्तीं मोनीशजवळच्या बेंफोर्मोझो रस्त्यावर डझनावारी स्थलांतरितांना भिंतीकडे तोंड करून, हात वर करायला लावून उभं केलं. त्याचा फोटो देशभर फिरला. जानेवारीत त्याविरुद्ध मोठा मोर्चा निघाला, मीही गेले होते. त्या रस्त्यावरून चालताना एवढं तरी ठाऊक असावं.

वसईकर

मला दोघींशीही भांडायचं आहे.

बेलेमला अर्धा दिवस पुरे म्हणणं आपल्यासारख्यांना शोभत नाही. जेरोनिमोसची ती दगडी जाळी कशाच्या पैशावर उभी राहिली? आफ्रिकेतून आणि पूर्वेकडून येणाऱ्या मालावरच्या विसाव्या हिश्श्याच्या करावर. त्यात आपल्या किनाऱ्यावरची मिरी होती. दारातून आत जाताच वास्को द गामाची कबर लागते. मी ज्या गावचा, तिथे पोर्तुगीजांनी दोनशे वर्षं राज्य केलं, १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला. माझे पूर्वज त्यांच्याच काळात ख्रिस्ती झाले आणि आम्ही अजून मराठी बोलतो. त्या कबरीपुढे मला काय वाटलं ते एका शब्दात सांगता येत नाही. राग होता, आणि चर्चमध्ये शिरल्यावर हात आपोआप कपाळाकडे गेला तेही खरं. अर्ध्या दिवसात हे उरकत नाही.

आता ताई, तुम्ही म्हणता बेलेमला कुणाचं घर जात नाही. गेलं की! मठासमोर आज जी मोठी बाग आणि कारंजं आहे, ते सगळं १९४० च्या प्रदर्शनासाठी मोकळं केलेलं आहे. सालाझारला साम्राज्याचा देखावा मांडायचा होता, म्हणून जुन्या बेलेम गावातली घरं पाडली. नदीकाठचा तो जहाजाच्या आकाराचा पुतळ्यांचा चबुतरासुद्धा प्रथम त्याच प्रदर्शनासाठी तात्पुरता उभारला होता, आजचा दगडी १९६० चा. म्हणजे बेलेम हीसुद्धा वस्तीच होती, तिच्यावर रोलर फिरवून स्मारकांची जागा केली.

आणि मोरारिया बेलेमपासून वेगळी काढता येत नाही. ज्या मानुएल राजाने गामाला धाडलं आणि मठ बांधायला घेतला, त्यानेच १४९६ मध्ये ज्यूंना आणि मुसलमानांना धर्म बदला नाहीतर देश सोडा असा हुकूम काढला. मोरारिया, म्हणजे मूर मुसलमानांची वस्ती, मूरांविना उरली. एका ठिकाणी उभं राहून दुसरं समजून घ्यावं लागतं.

निवांत

वसईकर, १९४० चं हे माहीत नव्हतं. त्या कारंज्याजवळ आम्ही डबा खाल्ला होता.

मांडवीकाठ

मी फोंड्याचा, लिस्बनला सहा वर्षं शिकलो. एवढी चर्चा झाली पण ज्या दोन-तीन जागांसाठी मराठी माणसाने लिस्बनला जावं त्या कुणीच काढल्या नाहीत.

एक, कार्मो चौक. बायशाच्या वर, भूकंपात छप्पर गेलेल्या चर्चसमोर. २५ एप्रिल १९७४ रोजी तिथल्या बराकीत सालाझारच्या गादीवर आलेले पंतप्रधान कायतानो लपून बसले होते, बाहेर बंड केलेले सैनिक आणि गर्दी. संध्याकाळी त्यांनी शरणागती पत्करली. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तरी लिस्बनची ती राजवट तो आपलाच म्हणत होती. राजवट गेली आणि वर्ष सरायच्या आत पोर्तुगालने गोव्याचं भारतात असणं मान्य केलं. त्या चौकात जांभळ्या फुलांची जाकारांदाची झाडं आहेत. मी दर २५ एप्रिलला जायचो.

दुसरी जागा आल्फामाच्या तोंडाशी, कॅथेड्रलला लागून. आल्जुबे. राजकीय कैद्यांचा तुरुंग होता, २०१५ पासून संग्रहालय आहे. अठ्ठावीस नंबरची ट्राम दारावरून जाते, आतली माणसं उतरत नाहीत.

तिसरी जागा कुठल्याच यादीत नसते. लिस्बनच्या 'काय दो सोद्रे' स्टेशनहून कश्काइशला जाणारी लोकल बेलेमवरून पुढे जाते. त्याच मार्गावर काशियाश नावाचं स्टेशन आहे, तिथल्या किल्ल्याच्या तुरुंगात मोहन रानडे होते. सांगलीचा माणूस, गोव्यात शिक्षक म्हणून आला, आझाद गोमंतक दलात शिरला. १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडला गेला. गोवा स्वतंत्र झाला, आपण सगळे सुटलो, रानडे मात्र पोर्तुगालमध्येच अडकले. सुटका झाली जानेवारी १९६९ मध्ये, त्यासाठी सुधीर फडके यांनी किती दारं ठोठावली हे जुन्या लोकांना आठवत असेल. तुरुंग आत जाऊन पाहता येत नाही. मी एका रविवारी स्टेशनवर उतरलो, समुद्र पाहिला, वर किल्ल्याच्या दिशेने बघत थोडा वेळ थांबलो. माझे आजोबा रानडे मास्तर म्हणायचे, ते आठवलं.

बाकी गल्लीबोळांत फिरावं की नाही, यावर माझं मत चौथा मजला यांच्या जवळचं आहे, पण एक भर घालून. फिरा, मात्र तिथे काहीतरी विकत घ्या आणि कुणाशी तरी बोला. कुठल्याही साध्या कॅफेत काचेमागे शामूसा ठेवलेला असतो. आपला समोसाच तो, गोवा आणि मोझांबिकमार्गे तिथे पोचलेला. मालकाला म्हणा हे आमच्याकडचं. मग पाव, बटाटा, चावी, बालदी, पगार असे शब्द एकमेकांपुढे ठेवत अर्धा तास जातो. माझं पोर्तुगीज असंच सुधारलं.

चौथा मजला

शामूशाला माझी हरकत नाही. खोली भाड्याने घेताना मात्र ते घर कुणाचं होतं याची चौकशी करा, एवढं मागणं सोडणार नाही.

पायपीट

खरं सांगते, आम्ही आल्फामातल्या अशाच एका घरात राहिलो होतो. भिंतीवर कुणाच्या तरी लग्नाच्या फोटोचा फिकट चौकोन उमटलेला होता. तेव्हा मला ते छान वाटलं होतं. पुढच्या वेळी हॉटेल घेईन.

वस्त्यांत चालावं हे मत कायम आहे, ग्रासाची ती चाळ मी कुणाच्या सांगण्यावरून परत देणार नाही. बेलेमचा अर्धा दिवस मात्र मागे घेते. वसईकर, तुम्ही सांगितलेली पाडलेली घरं नेमकी कुठे होती ते नकाशावर शोधतेय.

मांडवीकाठ, काशियाशला सगळ्या लोकल थांबतात का? पुढच्या वर्षी बाबांना घेऊन जायचा विचार आहे. रानड्यांची सुटका झाली तेव्हा ते कॉलेजात होते.

मांडवीकाठ

नाही, जलद गाड्या थांबत नाहीत. सगळीकडे थांबणारी घ्या आणि जाताना डावीकडच्या खिडकीशी बसवा त्यांना, नदी त्या बाजूला आहे. स्टेशनवरून किल्ल्याकडे चढ आहे, तो बाबांना चढायला लावू नका. खाली समुद्राकाठी बसता येतं.