लेसरच्या झोतात तापमान मोजायचंय: फायबरचा कोणता सेन्सर घ्यावा?

काचतंतू: नमस्कार. पीएचडीच्या कामात अगारच्या जेलवर 1064 नॅनोमीटरचा, 5 वॉटचा अखंड लेसर टाकून आतलं तापमान किती चढतं ते बघतेय. थर्मोकपल (दोन धातूंच्या तारांचा तापमापक) खुपसलं, तर लेसर बंद करताच आकडा क्षणात 4 अंशांनी कोसळतो. जेल इतकं झटकन गार होणं शक्य नाही, म्हणजे तारच प्रकाश शोषून तापतेय. मला 0.1 अंशाचा फरक कळायला हवा, आणि लेसरची पॉवरही सोबत नोंदवायची आहे. गाईड फॅब्री-पेरो (दोन परावर्तक पृष्ठांमधल्या पोकळीचा सेन्सर) करून बघायला सांगताहेत. कुणी केलंय का? की ब्रॅग ग्रेटिंग (ठरावीक तरंगलांबीच परत पाठवणारा फायबरचा तुकडा) पुरेल? स्प्लाइसर (फायबर वितळवून जोडायचं यंत्र) आणि 1550 नॅनोमीटरच्या आसपासचा स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर आहे.

दूरदिवा: ग्रेटिंग विकत मिळतं, त्याचं शिखर (परत येणारी तरंगलांबी) एका अंशाला साधारण 10 पिकोमीटर सरकतं. फक्त कुठेही चिकटवू नका. एका मायक्रोस्ट्रेनला (लांबीत दहा लाखांत एक भाग ताण) ते 1.2 पिकोमीटर सरकतं, त्यामुळे आठनऊ मायक्रोस्ट्रेनचा ताण एका अंशासारखा दिसतो. काचेच्या केशनळीत सैल ठेवा.

सह्यकडा: दूरदिवा यांचं म्हणणं बरोबर आहे, पण ग्रेटिंगची लांबी काही मिलिमीटर असते. झोताजवळ तापमान तेवढ्या अंतरात खूप बदलतं आणि ग्रेटिंगचं शिखर पसरट होतं. तुमचे गाईड योग्य सांगताहेत.

मात्र केशनळीतली हवेची पोकळी करू नका. बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात, कारण ती करायला सोपी असते. पण हवेच्या पोकळीत फक्त काचेचं प्रसरण दिसतं, म्हणजे अंशाला जेमतेम 1 पिकोमीटर. पोकळी घन काचेची हवी, म्हणजे अपवर्तनांकाचा बदल पकडता येतो. फायबरच्या टोकावर टायटॅनियम डायऑक्साइडचा पातळ थर द्या, त्यावर दुसरा फायबर स्प्लाइस करा आणि 1 मिलिमीटरवर क्लीव्ह करा (सपाट कापा). हे टोक थेट जेलमध्ये गेलं तर परावर्तन साडेतीन टक्क्यांवरून 0.2 टक्क्यांच्या आसपास येतं, म्हणून वर टोक बंद केलेली केशनळी चढवा. प्लास्टिकचं आवरण आधी सोलून काढा, नाहीतर तेही तापेल.

स्पेक्ट्रममध्ये चढउताराचे पट्टे दिसतील, त्यांच्यातलं अंतर साधारण 0.8 नॅनोमीटर येईल. एकाच दरीवर (पट्ट्याच्या सगळ्यांत खालच्या बिंदूवर) नजर ठेवलीत तर 0.1 अंश सापडणं अवघड, कारण तो सरक जेमतेम 1 पिकोमीटरचा असतो. 40 नॅनोमीटरच्या पल्ल्यातल्या पन्नासेक पट्ट्यांवर एकत्र वक्र बसवा. एक पट्टा पूर्ण सरकायला सत्तरेक अंश लागतात, त्यामुळे खोलीच्या तापमानापासून मोजणी सुरू केलीत तर पट्टा ओळखण्यात गोंधळ होणार नाही.

काचतंतू: खूप आभार! हवेची पोकळीच करणार होते. काचेऐवजी सिलिकॉनचा तुकडा लावला तर? तो जास्त संवेदनशील असतो ना?

सह्यकडा: हो, 1550 ला अंशाला 84 पिकोमीटरच्या आसपास. पण 1064 वर सिलिकॉन प्रकाश थोडा शोषतो आणि तापला की आणखी शोषतो, म्हणजे थर्मोकपलचीच अडचण परत. जेलमध्ये नकोच.

पॉवरसाठी मात्र तो छान आहे. कोटिंग नसलेल्या काचेच्या पाचरीवरून साधारण 4 टक्के झोत बाजूला काढा, 5 वॉटचे 200 मिलिवॉट होतात. कोन लहान ठेवा, 45 अंशांवर परावर्तन ध्रुवीकरणानुसार बदलतं. सिलिकॉनच्या पुढच्या बाजूला काळा थर द्या, म्हणजे प्रकाश सिलिकॉनपर्यंत पोचतच नाही, फक्त उष्णता पोचते. शेजारी तसाच दुसरा सेन्सर सावलीत ठेवा आणि दोघांतला फरक घ्या, खोलीचा चढउतार वजा होतो. प्रमाणित थर्मोपाइल मीटरशी (उष्णतेवरून पॉवर मोजणारं) पाचसहा पॉवरवर जुळवून घ्या, दर वेळी आकडा स्थिरावू द्या.

दूरदिवा: प्रकाशाच्या दाबावरून पॉवर मोजतात असं वाचलं होतं, ते इथे चालेल?

सह्यकडा: आरशावर वॉटमागे 6.67 नॅनोन्यूटन बल येतं, 5 वॉटला 33 नॅनोन्यूटन. अमेरिकेतल्या निस्ट या मापन-मानकांच्या संस्थेने त्यावर मीटर केलेत, पण ते मुख्यतः किलोवॉटच्या लेसरांसाठी.

काचतंतू: सोमवारी टायटॅनियम डायऑक्साइडच्या थरासाठी स्पटरिंगची (पातळ थर चढवायच्या यंत्राची) वेळ घेतलीय. पहिला स्पेक्ट्रम आला की इथे टाकते.