तिसरी बेडरूम हवीच कशाला?

रिकामी_खोली
नाशकात घर घ्यायचं म्हटलं की सगळ्यात आधी मिळणारा सल्ला म्हणजे, "थ्रीच घे रे, घर काय परत परत होतं का!" या एका वाक्यापायी आमच्या ओळखीतल्या कितीतरी जणांनी हप्ता वाढवून घेतलाय. आता त्यांच्या तिसऱ्या खोलीत जाऊन बघा. ट्रेडमिलवर टॉवेल वाळतायत, कोपऱ्यात फ्रीजचा खोका (वॉरंटी केव्हाच संपलेली), मागच्या दिवाळीचा आकाशकंदील आणि इस्त्रीला द्यायच्या कपड्यांचा ढीग.

हिशेब करू. टू बीएचके आणि थ्री बीएचकेमध्ये 20 लाखांचा फरक धरा. 8.5 टक्क्यांनी 20 वर्षांसाठी हप्ता येतो साधारण 17,350. एकूण परतफेड साडेएक्केचाळीस लाखांच्या आसपास. एवढ्याला पडलेल्या खोलीत आपण खोका ठेवतो. शिवाय बांधकाम चालू असलेला फ्लॅट असेल तर जीएसटी. नाशिक महानगरांच्या यादीत नाही, त्यामुळे 90 चौरस मीटर कार्पेटपर्यंतचा (म्हणजे भिंतींच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ) आणि 45 लाखांच्या आतला फ्लॅट 1 टक्क्यात बसतो, त्यापुढे 5 टक्के. 44 लाखांच्या टूला 44 हजार, 64 लाखांच्या थ्रीला 3 लाख 20 हजार. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या तयार घराला जीएसटी नाही, हे मान्य.

माझं मत सरळ आहे. चार माणसांच्या घराला टू पुरतो. उरलेला पैसा चांगल्या ठिकाणावर घाला. पटत नसेल तर बोला.

सहावी_स्कीम
पटत नाही. मी सिडकोत दोन खोल्यांत वाढलो. लहान घरात माणसं जवळ येतात वगैरे ऐकलं की मला हसू येतं. ताईचं दहावीचं वर्ष होतं तेव्हा संध्याकाळी सातनंतर टीव्हीचा आवाज बंद, नुसती चित्रं बघायची. आजोबांना खोकल्याची उबळ आली की सगळं घर जागं. आईला कपडे बदलायचे तर आम्ही सगळे ओट्यावर.

सिडकोच्या घरांच्या पहिल्या स्कीमपासून सहाव्यापर्यंत फिरून या आणि मूळ घर जसंच्या तसं कुठे राहिलंय ते शोधून दाखवा. हातात चार पैसे आले की प्रत्येकाने आधी वर मजला चढवला. लहान घर एवढं सुखाचं असतं तर पोटाला चिमटा काढून लोकांनी स्लॅब टाकले असते का?

रिकामी_खोली
@सहावी_स्कीम, मी दोन खोल्यांचं नाही, टू बीएचकेचं बोलतोय. दोन्हीत खूप फरक आहे.

सहावी_स्कीम
कागदावर आहे. हल्लीच्या टूमध्ये बेडरूम दहा बाय दहाची. साडेसहा फुटांचा पलंग, त्याच्या पायथ्याशी दोन फुटांचं कपाट. उरला दीड फूट. कपाटाचं दार पूर्ण उघडत नाही म्हणून सरकतं दार करायचं, आणि रात्री उठलं की गुडघा पलंगाला. रेरा कायद्यामुळे विक्री कार्पेटवर करावी लागते हे चांगलंच झालं, पण साइटवर बोलणी अजून 'सेलेबल'मध्येच, म्हणजे जिना-लॉबीचा वाटा धरून फुगवलेल्या क्षेत्रफळातच, चालतात. नुसते चौरस फूट विचारू नका, प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी विचारा.

हिशेबी_माणूस
दोघांचंही एक राहिलं. लहान घराचा मेंटेनन्स कमी, असं सगळे गृहीत धरतात. नोंदणीकृत गृहनिर्माण सोसायटी असेल तर आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायटीच्या कारभाराचे नमुना नियम) वॉचमन, लिफ्ट, जिन्यातले दिवे, साफसफाई हा सेवाखर्च सगळ्या फ्लॅटना सारखा. वन बीएचकेवाला आणि थ्रीवाला तेवढेच भरतात. दुरुस्ती निधी नि सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठीची राखीव) बांधकाम खर्चाच्या प्रमाणात, म्हणून तिथे लहान फ्लॅटवाल्याचं थोडं वाचतं. पाणीपट्टी नळांच्या संख्येवर आणि आकारावर.

पण 1970च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली इमारत असेल तर खर्च सामाईक जागेतल्या अविभक्त हिश्श्याच्या टक्क्यावर पडतो, म्हणजे मोठा फ्लॅट जास्त भरतो. नाशकात दोन्ही प्रकार आहेत. लहान फ्लॅट घेताना भावाची घासाघीस करण्याआधी हे विचारा.

आणखी एक. मोठं विकून लहान घेणाऱ्यांनी भांडवली नफ्याकडे बघा. घर दोन वर्षांहून जास्त काळ तुमच्याकडे असेल तर झालेला नफा दुसऱ्या घरात घातल्यावर करसवलत मिळते. विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत खरेदी, स्वतः बांधणार असाल तर तीन वर्षं. विक्रीची अख्खी रक्कम नाही, नफ्याची रक्कम गुंतवायची असते. पण नवं घर त्या नफ्यापेक्षाही स्वस्त पडलं तर उरलेल्यावर कर लागतो, आणि जुना रोहाउस विकणाऱ्यांचं हे हमखास होतं. आधी सीएला भेटा, मग टोकन घ्या.

पंचवटीची_सून
इथे सगळ्या पुरुषांनी बेडरूम मोजल्या. स्वयंपाकघर कोणी मोजलं नाही.

घर लहान करताना आधी कात्री लागते ती किचनला आणि ड्राय बाल्कनीला. ओटा एवढा की गॅस ठेवला, मिक्सर ठेवला, संपला. पोळ्या लाटताना कुकर खाली उतरवायचा. वॉशिंग मशिन बाल्कनीत बसवलं की भांडी घासणाऱ्या मावशींना बसायला जागा नाही. आणि वाळवणं? चैत्रात कुरडया घालायच्या तर गच्चीची किल्ली चेअरमनकडे आणि अर्ध्या गच्चीवर सोलरच्या टाक्या.

दुसरी बाजूही सांगते. सासरच्या मोठ्या घरात नुसता केर काढायला सकाळ जायची, आता टूमध्ये ते झटक्यात होतं. मला लहान घर आवडतं. पण आमच्याकडे घरून काम सुरू झालं तेव्हा एक बेडरूम 'ह्यांच्या मीटिंग'ची झाली, दुसरी मुलीच्या क्लासची, आणि मी दुपारभर हॉलमध्ये मिक्सर न लावता बसलेली. जागा कमी पडते तेव्हा ती कोणाच्या वाट्याची कमी पडते, ते बघा.

रिकामी_खोली
@पंचवटीची_सून, किचनचा मुद्दा मान्य, त्यावर वाद नाही. पण वर्षाचा गहू, कुरडया, पापड हे आता घरात कोण करतं? पाच किलोची पिशवी दारात येते.

पंचवटीची_सून
येते. एप्रिलमध्ये शेतकऱ्याकडून पोत्याने घेतलेला गहू आणि ती पिशवी, दोन्हीच्या पोळ्या एकदा खाऊन बघा. मग पोतं कुठे ठेवायचं ते सांगा.

वाडासंस्कृती
आमचं बालपण जुन्या नाशकातल्या वाड्यात गेलं. कुटुंबाला दोनच खोल्या, पण कोंडल्यासारखं वाटलं नाही, कारण पुढे चौक होता, ओटा होता, गल्ली होती, घाट होता. उगाच गोडवे गात नाही. संडास सामाईक होता आणि पावसाळ्यात भिंत कधी अंगावर येईल याचा भरवसा नव्हता. सांगायचं एवढंच की घराचा निम्मा कारभार घराबाहेर चालायचा.

म्हणून मी धागाकर्त्याशी अर्धाच सहमत. कॉलेज रोड, गंगापूर रोडला टू घेतला तर खाली उतरलं की कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक, मुलांना पैसे भरून का होईना अभ्यासिका, आणि रिक्षाने गेलं की 1840 सालापासूनचं सार्वजनिक वाचनालय. तिथे खोली कमी असली तरी चालतं. पण पैसे वाचवायला म्हसरूळ, आडगावच्या पलीकडे जाऊन वर टूच घेतला, तर कोपऱ्यावर किराण्याच्या दुकानाशिवाय काही नाही. तेवढ्या लांब जायचंच असेल तर निदान थ्री घ्या.

रामकुंडाशेजारी
ऑक्टोबर 2026ला सिंहस्थ कुंभमेळ्याची ध्वजा चढते, 2027मध्ये शाहीस्नानं. टूवाल्यांनो, पाहुण्यांना काय सांगणार आहात?

रिकामी_खोली
लॉजचा पत्ता. बारा वर्षांनी येणाऱ्या पाहुण्यांसाठी 20 लाखांची खोली? पर्वणीच्या दुप्पट भाड्यातही लॉज स्वस्त पडतो.

सिन्नरकर
सिंहस्थाचं सोडा. सिन्नर, दिंडोरी, चांदवडकडच्यांचं मोठं दुखणं निघालं की दवाखाना नाशिकचा. पेशंट आत, बाकीचे दोघं-तिघं कोणाकडे जातात? नाशकातल्या भाच्याकडे. त्यांना लॉजचा पत्ता देऊन बघा, पुढच्या लग्नात कोण बोलतं ते कळेल. मामा आमच्या हॉलमध्ये झोपायचे तेव्हा पहाटे चहा ठेवायलाही आम्ही चोरपावलांनी जायचो. खोली रोज लागत नाही हे खरं, पण लागते तेव्हा भाड्याने मिळत नाही.

हिशेबी_माणूस
@सिन्नरकर, त्यासाठी तिसरी बेडरूमच कशाला? हॉलला सरकतं पार्टिशन आणि दिवाण-कम-बेड, भागतं.

सिन्नरकर
भागतं हो. भागवत नाही तर काय करतोय आम्ही?

नवी_जोडी
आम्ही इंदिरानगरला टू बघतोय, टोकन द्यायचं बाकी आहे. जुनी इमारत आहे. सोसायटी की अपार्टमेंट, हे ओळखायचं कसं?

हिशेबी_माणूस
विकणाऱ्याकडे शेअर सर्टिफिकेट मागा, ते असेल तर सोसायटी. अपार्टमेंट असेल तर नोंदवलेलं घोषणापत्र आणि त्या फ्लॅटचं डीड ऑफ अपार्टमेंट असतं, त्यात हिश्श्याची टक्केवारी लिहिलेली असते. दोन्ही नसेल तर अजून बिल्डरच्याच हातात आहे, टोकन देऊ नका.

पंचवटीची_सून
आणि फ्लॅट बघायला जाल तेव्हा पोळपाट घेऊन जा. ओट्यावर ठेवून बघा.