स्पॅनिशमधला गोंधळ आणि वेड: इंग्रजीत नेमका शब्द कोणता?

प्रश्न:
माद्रिदमध्ये घडणाऱ्या कादंबरीचा इंग्रजी अनुवाद चालू आहे. एक पात्र ब्वेनोस आयरेसचं आहे. एकाच प्रकरणात देस्बाराहुस्ते आणि किलोम्बो (दोन्ही गोंधळाचे), देस्किथिआदो (डोकं फिरलेला) आणि कोर्टातल्या प्रसंगात एनाहेनाथिओन मेंताल (वेड) आलंय. सरसकट 'केऑस' आणि 'क्रेझी' लिहिलं तर सगळंच सपाट होतं. काय करावं?

प्रतिसाद १:
देस्किथिआदोसाठी 'अनहिंज्ड' तयारच आहे. किथिओ म्हणजे दार जिथे बसून फिरतं ती जागा. तिथून निखळलेलं ते देस्किथिआदो. मात्र 'मे साका दे किथिओ' दिसलं की सावध. तिथे वेड नाही, निव्वळ वैताग आहे: 'ड्राइव्ह्ज मी अप द वॉल'. तिथे अनहिंज्ड घातलंत तर साध्या कुरकुरीचा मनोविकार होऊन बसेल.

प्रतिसाद २:
कोर्टातल्या शब्दासाठी आधी कथेचा काळ बघा. स्पेनच्या जुन्या दंडसंहितेत 'एनाहेनादो' (वेड लागलेला) होता. 1995 च्या संहितेतल्या कलम 20 मध्ये त्याऐवजी मानसिक विकृती किंवा बिघाड अशा अर्थाची शब्दरचना आली. 'त्रास्तोर्नो मेंताल त्रान्सितोरिओ' मात्र दोन्हीकडे आहे, त्याला 'टेम्पररी इन्सॅनिटी'. वकिलाच्या तोंडी एनाहेनाथिओन मेंताल असेल तर 'इन्सॅनिटी' ठेवा, 'मॅडनेस' नको. आणि पुढे 'दे बिएनेस' लागलं असेल तर वेडाचा काही संबंध नाही, ती मालमत्तेची विक्री किंवा हस्तांतर आहे. नुसतं त्रास्तोर्नो तर आणखी फसवं: डॉक्टर म्हणाला तर 'डिसऑर्डर', रेल्वेच्या सूचनेत असेल तर फक्त गैरसोय.

प्रतिसाद ३:
गोंधळाच्या शब्दांत अर्थापेक्षा तोंडाळपणा मोजा. देस्बाराहुस्ते घरात, ऑफिसात कुठेही चालतो. 'शॅम्बल्स' बरोबर बसतो. किलोम्बो हा ला प्लाता खोऱ्यातला, म्हणजे अर्जेंटिना-उरुग्वेकडचा, मूळ आफ्रिकेतल्या किंबुंदू भाषेतला. तिकडे त्याचा अर्थ वेश्यागृह असाही होतो, म्हणून शब्द जरा रांगडा. 'हेल ऑफ अ मेस' पुरेल. पात्र चिडलेलं असेल तर त्याहून शिवराळ चालेल. माद्रिदचा माणूस तिथे 'फोयोन' म्हणेल, मेक्सिकोचा 'देस्माद्रे'. हा प्रांतभेद इंग्रजीत आणायला बोली शोधत बसू नका, कृत्रिम वाटतं. किलोम्बो एकदा मूळ रूपात ठेवून पुढच्या वाक्यात अर्थ उलगडू द्या.

प्रश्नकर्ती:
आभार! डॉक्टरच्या अहवालात 'देलिरियो' आहे. तिथे 'डिलिरियम' चालेल ना?

प्रतिसाद २:
बहुतेक नाही. स्पॅनिश मानसोपचारात देलिरियो म्हणजे 'डिल्यूजन', ठाम चुकीचा समज. 'देलिरियोस दे ग्रांदेथा' म्हणजे 'डिल्यूजन्स ऑफ ग्रँजर'. डिलिरियमसाठी तिथले डॉक्टर 'देलिरियुम' असंच लिहितात. पण अहवाल साध्या डॉक्टरचा असेल आणि शेजारी 'फेब्रिल' असेल तर ती तापातली बडबड, मग तुमचा डिलिरियम बरोबर.