‘प्रोग्रेशन’, ‘प्रोग्नोसिस’ आणि ‘मार्कर’: मराठीत काय म्हणावे?

प्रश्न: तोंडाच्या कर्करोगातील प्रथिनांवरील लेखाचे भाषांतर करताना ‘कर्करोगाची प्रगती व पूर्वानुमान यांची प्रथिन-लक्षणे’ असे शीर्षक दिले आहे. ते योग्य वाटते का?

उत्तर: ‘प्रोग्रेशन’साठी ‘प्रगती’ येथे मुळीच नको. ‘रुग्णाची प्रगती चांगली आहे’ म्हणजे तो बरा होत आहे, असेच मराठी माणूस समजतो. त्यामुळे ‘प्रगती दिसते’ एवढे वाचून नातेवाइकांना धीर येईल आणि अर्थ मात्र नेमका उलटा असेल. आपल्याकडे दुखणे ‘बळावते’. ‘वाढ’ हा शब्द अपुरा पडतो, कारण गाठ आकाराने मोठी होण्याबरोबरच पेशींचा स्वभाव पालटणे, त्यांनी खोलवर शिरणे आणि मानेतील लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचणे हे सारे ‘बळावणे’ या एका क्रियापदात मावते.

‘मार्कर’साठी योजलेले ‘लक्षण’ही बदलावे. लक्षण रुग्णाला जाणवते किंवा डॉक्टरांना तपासताना दिसते. प्रथिन मात्र गाठीच्या काढलेल्या तुकड्याच्या पातळ कापावर प्रतिपिंड (नेमक्या त्याच प्रथिनाला चिकटणारा रेणू) लावून, रंगाच्या साहाय्याने शोधावे लागते. मी ‘दर्शक’ सुचवेन. शाळेतल्या ‘दर्शक सर्वनामा’मुळे तो कानाला परका नाही, आणि एखादी गोष्ट नसण्यातूनही तो काही दाखवू शकतो, हे येथे फार महत्त्वाचे आहे. पेशींना एकमेकींशी जखडून ठेवणारे ई-कॅडहेरिन पाहा: निरोगी अस्तरात पेशींच्या कडांवर त्याची तपकिरी जाळी दिसते, तर गाठ जिथे आत घुसत असते तिथे ती पुष्कळदा फिकट होते किंवा तुटते. पेशींच्या बेबंद विभाजनाला आवर घालणाऱ्या पी-५३ या प्रथिनाचे तर असणे आणि नसणे असे दोन्ही प्रकार आढळतात. एरवी हे प्रथिन लवकर मोडून जाते. जनुकातील काही बदलांमुळे ते केंद्रकात साचून गडद दिसते, तर काही बदलांमुळे ते तयारच होत नाही आणि काप कोरा राहतो.

‘प्रोग्नोसिस’साठी ‘पूर्वानुमान’ चूक नाही, पण त्याला हवामानाचा वास येतो. ‘फलानुमान’ मला अधिक नेमके वाटते. आयुर्वेदातील साध्य, कृच्छ्रसाध्य (कष्टाने बरा होणारा), याप्य (उपचारांनी केवळ आटोक्यात राहणारा) आणि असाध्य ही रोगांची विभागणी सुंदर आहे, तरीही तिच्यात निवाडा आहे. किती पेशी विभाजनाच्या मार्गावर आहेत हे सांगणारे केआय-६७ हे प्रथिन निवाडा देत नाही. ते शक्यतेच्या अंदाजाला हातभार लावते, तोही गाठीची खोली आणि लसिकाग्रंथींची स्थिती यांच्या जोडीने.

प्रश्न: मग ‘प्रेडिक्टिव्ह’ लाही ‘फलानुमान-दर्शक’ म्हणावे का?

उत्तर: नाही. फलानुमान-दर्शक रोगाचा पुढचा मार्ग कसा असेल याविषयी सांगतो. ‘प्रेडिक्टिव्ह’ प्रथिन अमुक उपचार लागू पडेल का, याविषयी. त्याला ‘प्रतिसाद-दर्शक’ म्हणावे. एकच प्रथिन दोन्ही कामे करू शकते, म्हणूनच शब्द वेगळे हवेत.