शब्दचर्चा: 'होल'ला छिद्र म्हणायचं का?

सूर्यप्रकाशाने पाण्याचं विघटन करून हायड्रोजन काढणाऱ्या मेटल ऑक्साइडवर लेख लिहितेय आणि दोन दिवस एकाच शब्दापाशी अडकलेय. हेमॅटाइट म्हणजे आयर्न ऑक्साइड, गंजाचंच भावंड, त्यावर उजेड पडला की इलेक्ट्रॉन जागा सोडून वर जातो आणि मागे धन प्रभारासारखी वागणारी जी उणीव राहते ती होल; ते पृष्ठभागावरच्या पाण्यापर्यंत पोहोचलं तरच पाणी फोडायला कामी येतं. मी लिहिलं, 'छिद्रे पृष्ठभागापर्यंत पोहोचत नाहीत.' मसुदा वाचून मैत्रीण म्हणाली, मग छिद्रं अजून खोल का नाही पाडत? तिचं काही चुकलं नाही, वाक्यच तसं होतं.

गंमत म्हणजे या विषयात खरीखुरी छिद्रंही असतात. हेमॅटाइटमध्ये होल जेमतेम २ ते ४ नॅनोमीटर सरकतं आणि इलेक्ट्रॉन भेटून विझतं, उजेड मात्र शंभरेक नॅनोमीटर आत जातो, म्हणून थर मुद्दाम सच्छिद्र करतात, की आतपर्यंत पाणी शिरावं आणि होलला लांब जावंच लागू नये. म्हणजे छिद्रं वाढवायची ती होलसाठी, आणि मी दोघांना एकच शब्द वापरून बसले. त्यात तिसरी ऑक्सिजन व्हेकन्सी, म्हणजे ऑक्सिजनचा अणू नसलेली जागा, तिला कुणी पोकळी म्हणतं. तुम्ही काय वापरता?

प्रतिसाद १: होलला 'विवर' चालेल का? छिद्राशी गोंधळ तरी होणार नाही.

प्रतिसाद २: विवर म्हटलं की कृष्णविवरच डोळ्यापुढे येतं हो, शिवाय विवर एका जागी असतं आणि होल सरकतं. मी सरळ 'होल' लिहितो, पहिल्यांदा येईल तिथे 'इलेक्ट्रॉनची उणीव' असा खुलासा करतो. पोअरला छिद्र. व्हेकन्सीला 'रिक्त जागा', कारण तिथे खरंच स्फटिकाच्या जाळीतला ऑक्सिजनचा अणू गैरहजर असतो आणि जाताना 2 इलेक्ट्रॉन मागे ठेवतो, त्यामुळे वीजवहन सुधारतं. ऑक्सिजन कमी ठेवून तापवलं की अशा जागा तयार होतात, पण फार झाल्या की त्याच सापळा बनून होल गिळतात. पोकळी म्हटलं की हे सगळं हरवतं.

प्रतिसाद ३: रिक्त जागा पटलं. पण डोपिंगला, म्हणजे मुद्दाम थोडे परके अणू घालण्याला, 'भेसळ' लिहू नका ही हात जोडून विनंती. भेसळीने माल बिघडतो, इथे तर हेमॅटाइटमध्ये थोडं टायटॅनियम घातलं की लोखंडाच्या जागी बसलेला तो अणू एक जास्तीचा इलेक्ट्रॉन देतो. मी 'पेरणे' वापरते. टायटॅनियम पेरलेलं हेमॅटाइट, मॉलिब्डेनम पेरलेलं बिस्मथ व्हॅनाडेट (याच कामाचं दुसरं ऑक्साइड). कमी प्रमाण, विखुरलेलं आणि हेतुपुरस्सर, तिन्ही अर्थ एका क्रियापदात येतात.

मूळ लेखिका: 'पेरणे' घेतलं, अगदी हवं तेच होतं! १९७२ मध्ये फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर उजेडाने पाणी फोडून दाखवलं तो परिच्छेद शब्दांच्या दृष्टीने सोपा होता, 'ऊर्जा-फट (इलेक्ट्रॉनला वर जायला लागणारी किमान ऊर्जा) मोठी, म्हणून फक्त अतिनील किरण कामी येतात' एवढ्यात भागलं. अडलेलं वाक्य आता असं केलंय: 'होल पाण्यापर्यंत पोहोचायच्या आतच विझतात, म्हणून थराला छिद्रं ठेवतात, टायटॅनियम पेरतात आणि ऑक्सिजनच्या रिक्त जागा बेतानेच राखतात.' मैत्रिणीला पाठवलं. तिने या वेळी विचारलं, 'बेताने म्हणजे किती?'