चौथी अर्थव्यवस्था आणि कटोरा: हवामान निधी मागायचा की नाही?

पंचवटीकर (धागाकर्ता)
सोसायटीच्या ग्रुपवर सकाळपासून एक पोस्ट फिरतेय. ‘जगातली चौथी अर्थव्यवस्था, आणि हवामान परिषदेत गोऱ्यांपुढे कटोरा घेऊन उभे. स्वाभिमान गहाण टाकलाय का?’ खाली नुसते अंगठे आणि झेंडे. मी दोन ओळी लिहिल्या तर ‘राजकारण नको’ म्हणून ॲडमिनने उडवल्या. म्हणून इथे सविस्तर.

हवामानबदलाशी लढायला गरीब देशांना पैसा द्यायचं कबूल कोणी केलं? श्रीमंत देशांनीच. १९९२च्या हवामान करारावर सह्या त्यांच्या. २००९ला कोपनहेगनमध्ये ‘२०२०पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर’ हा शब्दही त्यांचाच. तो आकडा गाठायला २०२२ उजाडलं. ११६ अब्ज झाले म्हणून ओईसीडीने, म्हणजे श्रीमंत देशांच्याच संघटनेने, अहवाल काढला, पण त्यातल्या सरकारी पैशात दोन-तृतीयांशाहून जास्त कर्ज. जे आपण फेडायचं, ते त्यांनी दिलं म्हणून मोजायचं! २०२४च्या बाकूच्या हवामान परिषदेत विकसनशील देशांनी वर्षाला १३०० अब्ज मागितले, पदरात पडलं ३०० अब्जांचं आश्वासन, तेही २०३५पर्यंत. भारताच्या वतीने चांदनी रैना यांनी हा दृष्टिभ्रम असल्याचं तिथल्या तिथे सुनावलं, पण त्यांना बोलायला मिळेपर्यंत ठराव मंजूर म्हणून अध्यक्षांचा हातोडा पडून गेला होता.

१८५०पासून हवेत गेलेल्या कार्बनमध्ये आपला वाटा जेमतेम ३-४ टक्के, आणि माणसं जगाच्या एक षष्ठांशाहून जास्त. करून गेला गाव आणि कांदळकराचं नाव. यात कटोरा कुठे आला?

अंबडचा नटबोल्टवाला
भाषण छान. वसुली कोण करणार? अमेरिका पॅरिस करारातून पुन्हा बाहेर. नुकसानभरपाईच्या निधीला त्यांनी जाहीर केले होते १ कोटी ७५ लाख डॉलर, मग त्या मंडळावरूनही उठून गेले. आणि युरोप? माझे बोल्ट जर्मनीला जातात. जानेवारी २०२६पासून त्यांचा सीबॅम, म्हणजे आयात मालावरचा कार्बन कर, खऱ्या अर्थाने लागू झाला. आता दर लॉटमागे किती कार्बन, पोलाद कुठल्या भट्टीतलं, वीज किती युनिट, सगळं लिहून द्या. माझ्याकडे हिशेब ठेवायला एक मुलगा आहे, तोच डिस्पॅचही बघतो. एका हाताने निधीचं गाजर, दुसऱ्या हाताने कर. असल्या लोकांकडे मागून वेळ घालवण्यापेक्षा आपल्या पैशाने सोलर टाका आणि गप कामाला लागा. मी शेडवर टाकलंय, कोणाच्या अनुदानाशिवाय.

एकलहरे रिटायर्ड
शेठ, तुमचं सोलर रात्री आठला काय करतं ते सांगा. तेव्हा आमचाच कोळसा लागतो.
मी आयुष्यभर बॉयलरवर काढलं, म्हणून एक किस्सा. विजयपूर जिल्ह्यात कुडगीला कोळशावरचं वीज केंद्र झालं. त्याला जपानचं कर्ज. ते कर्ज जपानने हवामान निधी म्हणून मोजलं! बातम्यांतून बोंब झाली तर म्हणे, आमचं तंत्रज्ञान जुन्यापेक्षा कमी धूर सोडतं. आणि आम्हाला सांगतात कोळसा बंद करा. दक्षिण आफ्रिकेला २०२१ला साडेआठ अब्ज डॉलरचा करार दिला कोळसा सोडायला, त्यातही बहुतेक कर्जच. इथे एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ६६० मेगावॉटचा संच येणार येणार म्हणत माझी नोकरी संपली. उद्या आहे तेही बंद केलं, तर नाशिकरोडच्या पोरांना काय बाकूहून मनिऑर्डर येणार आहे?

गोदाकाठ
तिकडे कुंभमेळ्याच्या साधुग्रामसाठी तपोवनातल्या झाडांवर खुणा झाल्या आणि तुम्ही आफ्रिका काढताय. आधी झाडं वाचवा.

अंबडचा नटबोल्टवाला
आलं तपोवन. मिसळीच्या धाग्यातही यांचं तपोवन येतं.

निफाडची बागाईतदारीण
तुमचे अब्ज बाजूला ठेवा जरा. २६ नोव्हेंबर २०२३. संध्याकाळची गारपीट. द्राक्षाचे मणी बाजरी-ज्वारीएवढे होते. सकाळी बागेत गेले तर पानांची चाळण, आणि घडाच्या वरच्या बाजूचे मणी काळे पडायला लागलेले. लोकांना वाटतं, मणी गेले म्हणजे एक हंगाम गेला. काडीवर बघा. गार लागली तिथे साल फाटून पांढरी चीर पडते. पुढच्या वर्षीच्या मालाची काडी याच काडीच्या बुडातून फुटायची असते, म्हणजे त्या मालालाही फटका. औषधांची उधारी तशीच.

हवामानाधारित फळपीक विमा होता. पैसे किती मिळाले? शून्य. का, तर महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर तेवढा पाऊस नोंदला नाही. ते केंद्र आमच्या बागेपासून दोन गावं सोडून. गार काय मंडळाची हद्द बघून पडते का?

कृषी पदवीधर
ताई, गारपिटीचं संरक्षण त्या विम्यात वेगळं घ्यावं लागतं, जादा हप्ता भरून. आणि ७२ तासांत कळवावं लागतं. हे न करता कंपनीला शिव्या देणं सोपं आहे.

निफाडची बागाईतदारीण
भरला होता जादा हप्ता, पावती आहे. ७२ तासांतले पहिले दोन दिवस लाईट नव्हती, टॉवर बंद. तिसऱ्या दिवशी फोन लागला तर ‘आपण रांगेत आहात’. पंचनाम्याला माणूस आला तोवर आम्ही मोडके घड छाटून फवारणी उरकली होती. न छाटता ठेवले असते तर अख्खी बाग कुजली असती. तो म्हणतो, नुकसान दिसत नाही. तुम्ही पदवीधर ना? मग सांगा, बाग वाचवायची की पुरावा?

कृषी पदवीधर
फोटो काढायचे होते. जागा आणि वेळ येईल असे.

निफाडची बागाईतदारीण
काढले होते. जागा आली, वेळ आली, पैसे नाही आले.

सातपूर सडेतोड
एक रुपयात विमा होता तेव्हा लोकांनी मंदिराच्या, सरकारी जमिनीवर पीक दाखवून विमे काढले. म्हणून तर २०२५ला योजना गुंडाळली. आयकर नाही, वीजबिल भरायचं नाही, वर नुकसानभरपाई. नोकरदाराचं नुकसान झालं तर कोण पंचनामा करतं?

निफाडची बागाईतदारीण
एक रुपयावाला विमा पिकांचा होता, फळबागेचा नव्हे. आम्ही विमा रकमेच्या ५ टक्के भरतो, गारपिटीचं वेगळं. माहिती नसेल तर निदान मोठ्या आवाजात बोलू नका. आणि बोगस विमे काढणाऱ्यांची नावं असतील तर द्या, नाहीतर हे शब्द मागे घ्या.

सातपूर सडेतोड
शब्द मागे घेत नाही. फळबागेपुरतं वगळतो, खूश?

द्राक्षमित्र पिंपळगाव
नका खूश होऊ ताई, हे असलेच. २०२५ बघितलं ना? मेपासून जो पाऊस लागला तो उघडलाच नाही, काडीत घडच तयार झाला नाही. कित्येक बागांत नुसती पानं. विम्यात बसवा बरं हे! गार दिसते तरी. जो घड आलाच नाही त्याचा पंचनामा कसा करणार? आता प्लॅस्टिक कव्हर घाला म्हणतात. एकरी चार-पाच लाख. आणि कव्हर टाकल्यावर आत डाऊनी हा बुरशीचा रोग कमी होतो, पण उन्हाचं गणित बदलतं, छाटणीच्या तारखा बदलतात, हे विकणारा सांगत नाही.

पंचवटीकर (धागाकर्ता)
मंडळी, धागा हवामान निधीचा होता.

निफाडची बागाईतदारीण
मग आम्ही कशावर बोलतोय? पंचनामा हाच तुमचा निधी.

कॉलेज रोड
ताईंना अनुमोदन. सगळ्या जगाच्या नुकसानीसाठी २०२२ला शर्म-अल-शेखच्या हवामान परिषदेत जो निधी ठरला, त्यात जाहीर झालेली रक्कम २०२५च्या मध्यापर्यंत ८० कोटी डॉलरच्या खालीच होती. १००-३०० अब्जांच्या गप्पा आणि गार पडलेल्याच्या वाट्याला ही चिल्लर. २०२२च्या ११६ अब्जांत जुळवून घेण्यासाठीचे, म्हणजे कव्हर, बंधारे, बियाणं यांचे, साधारण ३२ अब्ज. बाकीच्यातलं बहुतेक सौर, मेट्रो वगैरे, कारण तिथून परतफेड येते. वर इटलीने आशियात चॉकलेट-आइस्क्रीमच्या दुकानांत घातलेला पैसाही हवामान निधीत धरलेला रॉयटर्सने २०२३ला उघड केला. गारांवर आइस्क्रीमचा उतारा.

आणि आपल्या घरचं उदाहरण घ्या, पोकरा, म्हणजे राज्याचा कृषी संजीवनी प्रकल्प. शेततळं, ठिबक, शेडनेट. पहिल्या टप्प्याला जागतिक बँकेचे ४२ कोटी डॉलर, दुसऱ्या टप्प्यात नाशिक जिल्हाही आला. योजना चांगली आहे, आमच्या मामांचं शेततळं त्यातलंच. पण ते कर्ज आहे. शेतकऱ्याला अनुदान म्हणून मिळतं आणि फेड सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-माझ्या करातून होते. तेच कर्ज तिकडच्या हिशेबात श्रीमंतांचं औदार्य म्हणून दिसतं.

अंबडचा नटबोल्टवाला
म्हणजे मी म्हणत होतो तेच. त्यांचा पैसा येत नाही, आपलाच फिरून येतो.

पंचवटीकर (धागाकर्ता)
तुम्ही म्हणत होता मागू नका. आम्ही म्हणतोय कर्ज नको, अनुदान मागा. बाकूत तेराशे अब्जांपैकी किमान ६०० अब्ज अनुदान हवं, असं भारताने म्हटलं होतंच की.

सातपूर सडेतोड
चीन आणि सौदी १९९२च्या यादीत ‘गरीब’ आहेत अजून, त्यांचं काय? त्यांच्याकडून मागायची हिंमत आहे? उद्या आपल्यालाही म्हणतील, चौथ्या नंबरवर आलात, आता तुम्हीच द्या.

कॉलेज रोड
हा मुद्दा खरा आहे. तुमच्याकडून आला म्हणून दोनदा वाचला. पण माणशी बघा. आपण वर्षाला दोन टनांच्या आसपास, अमेरिकन माणूस चौदा-पंधरा, चिनीही आपल्या चौपट. रांगेत आपला नंबर बराच मागे आहे.

एकलहरे रिटायर्ड
माणशी दोन टनांतले निम्मे या शेठच्या भट्टीतले.

अंबडचा नटबोल्टवाला
काका, माझ्याकडे भट्टी नाही, फोर्जिंग बाहेरून येतं. असो. कर्जाला मदत म्हणून मोजू नये एवढं मान्य, हवं तर लेटरहेडवर लिहून देतो. पण अनुदान आलं तरी मुंबईतच जिरेल, निफाडला पोचणार नाही, हे तुम्ही मान्य करा.

निफाडची बागाईतदारीण
नाही करत. जिरलं तर भांडून काढू, निदान फेडायचं तरी नाही. द्राक्षमित्र, कव्हरच्या अनुदानाचं तुमच्याकडे कोणाच्या खात्यावर आलंय का? आमच्याकडे अजून ‘कागदपत्रे तपासणी सुरू’ दाखवतंय.

द्राक्षमित्र पिंपळगाव
आमच्याकडेही तेच. सातबारा पुन्हा अपलोड करा म्हणताहेत, नवीन तारखेचा.